अण्णांच्या नंबरावर दुसराच आवाज

आमच्या गावचा टॉवर पावसाळ्याच्या तोंडाशी बंद पडला. कुणी म्हणालं बॅटऱ्या चोरीला गेल्या, कुणी म्हणालं वीज पडली, कुणी म्हणालं जागेच्या मालकाचं आणि कंपनीचं बिनसलं. खरं कारण मला अजून कळलेलं नाही. गाव पेठच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून, डोंगरात आहे. तिथे एकाच कंपनीचा टॉवर, म्हणून घरोघरी त्याच कंपनीचं सिम. टॉवर बंद झाला की अख्खं गाव मुकं होतं.

त्या गावात माझे वडील एकटे राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गाव त्यांना गुरुजी म्हणतं. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली. आई गेल्यावर मी हट्टाने त्यांना नाशकात आमच्या फ्लॅटवर आणलं होतं. थोडे दिवस त्यांनी गॅलरीत बसून खाली रिक्षा मोजल्या, आणि एके दिवशी सकाळीच पिशवी भरून दारात उभे. म्हणाले, "नागली पेरायचीय. जातो." मी एकुलती एक. मला अडवता आलं नाही. ठरलं एवढंच की रोज संध्याकाळी त्यांनी फोन करायचा.

गेल्या वर्षी ते चक्कर येऊन परसात पडले होते. शेजारीण पाणी भरायला आली म्हणून कळलं. तेव्हापासून संध्याकाळी त्यांचा फोन येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. तिथे फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे, मी तो मांडीवर ठेवते.

टॉवर बंद झाल्यावर फोन आठवड्याच्या बाजारावर आला. बाजाराच्या दिवशी अण्णा मुका मोबाइल घरीच ठेवून जीपने पेठला यायचे आणि हार्डवेअरच्या एका दुकानातून मला फोन लावायचे. दुकानदार त्यांचा जुना विद्यार्थी. बाकीचे दिवस काहीच नाही. ग्रामपंचायतीत इंटरनेटची केबल आली होती, भिंतीवर पेटीही ठोकली होती, पण रस्ता रुंद करताना जेसीबीने ती केबल कुठेतरी तोडली आणि ती जोडायची कोणी यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे असं सरपंच सांगतात.

"टॉवरच नाही तर रिचार्ज कशाला मारायचा?" अण्णा म्हणाले. मलाही ते पटलं. रिचार्ज नाही मारला. कंपनी इशारे पाठवत असणार, पण ते जात होते त्याच फोनवर, ज्याला रेंज नव्हती.

दिवाळी झाल्यावर एका बाजाराला अण्णा खुशीत होते. "टॉवर चालू झालाय! उद्यापासून घरूनच बोलू." मी लगेच माझ्या फोनवरून त्यांच्या नंबरला रिचार्ज केला. रिचार्ज यशस्वी झाल्याचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिन्यातच उभी राहून फोन लावला. रिंग गेली. किती महिन्यांनी ती रिंग ऐकत होते.

फोन एका बाईने उचलला.

"हॅलो, अण्णा कुठायत?" मला वाटलं शेजारीण असेल.

"कोण पाहिजे?" आवाज तरुण होता आणि घाबरलेला.

"माझे वडील. हा त्यांचा फोन आहे. तुम्ही कोण?"

"हा माझा फोन आहे. तुमच्याकडं हा नंबर आला कुठून? रिचार्ज तुम्हीच मारला का?"

"हो, मीच मारला. पण तुम्ही..."

"परत फोन केला तर मी पोलिसात जाईल," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

मी परत लावला, उचलला नाही. परत लावला, कट केला. नंतर रिंगच जाईना. मी जिन्यावरच खाली बसले. डोक्यात काय काय आलं ते आता सांगताना हसू येईल, पण तेव्हा आलं नाही. अण्णांचा फोन चोरीला गेलाय. अण्णा जीपमध्ये पडलेत आणि फोन दुसऱ्याच्या हातात गेलाय. अण्णांना कोणीतरी काहीतरी केलंय. शेजारणीचा फोन लागेना, म्हणून पेठच्या दुकानदाराला लावला. तो म्हणाला, "ताई, काल तर गुरुजी माझ्यासमोर जीपला बसले." तेवढ्याने समाधान झालं नाही. काल बसले, पण उतरले का?

सकाळी मी लॅबमध्ये कळवून पहिल्या एसटीने पेठला निघाले. सावळ घाटात गाडी हळू झाली की मला वाटायचं उतरून पळत सुटावं. पेठहून जीप मिळाली. गावात पोचले तर अण्णा अंगणात खाटेवर बसून मोबाइल उन्हाकडे धरून बघत होते.

"अगं, तू कशी?" ते उठलेच. "बरं झालं आलीस. हे बघ, रेंजच्या जागी हा सिम नाही म्हणतोय."

मला रडू फुटलं. ते गोंधळले. शेजारीण धावत आली, "काय झालं वो ताय?" म्हणत. मी काही नाही म्हटलं आणि पाणी मागितलं.

अण्णांना घेऊनच मी नाशकाला आले. कंपनीच्या दुकानात टाय घातलेल्या मुलीने नंबर टाकून पाहिला. "सर, हा नंबर तुमच्या नावावर नाहीये आता. बरेच दिवस रिचार्ज नव्हता ना, मग नंबर बंद होतो आणि दुसऱ्या कस्टमरला जातो."

"कोणाला?" मी विचारलं.

"ते आम्हाला सांगता येत नाही, मॅडम."

"पण बँकेत हाच नंबर आहे. आधारला हाच. गॅसला हाच. सगळ्यांकडे हाच आहे."

"तिथे चेंज करून घ्या, मॅडम."

बाहेर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "पहिला मोबाइल घेतला तेव्हापासूनचा नंबर होता." मग रस्ता ओलांडायला माझा हात धरला. एरवी ते धरत नाहीत.

आम्ही नाशकात असतानाच पेठहून कळलं की टॉवर पुन्हा बंद पडला. मग मी ठरवलं, त्या कंपनीचं नावच नको. माझा आणि नवऱ्याचा फोन दुसऱ्या कंपनीच्या महिन्याच्या बिलावर आहे. त्यांच्या दुकानात गेले. तिथला माणूस फारच गोड होता. "मॅडम, फॅमिली प्लॅनमध्ये बाबांना ॲड करून टाका. एकच बिल, टेन्शन नाही."

"गावात रेंज आहे का? डोंगरात आहे गाव."

त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. नकाशावर पेठचा सगळा डोंगर रंगवलेला होता. "फुल्ल कव्हरेज, मॅडम."

मी सही केली. अण्णांना नवा नंबर मिळाला. ते तो पाठ करत बसले, एसटीत बसल्यावरही ओठ हलत होते.

गावात त्या सिमला रेंज नव्हती. घरात नाही, अंगणात नाही, शाळेपाशी नाही. गावामागच्या टेकाडावर चढलं, वरच्या सपाटीवर एका बाजूला उभं राहिलं, की पलीकडच्या गुजरातच्या टॉवरची रेंज मिळायची आणि फोनवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज यायचा. मी कस्टमर केअरला फोन केला. मराठीसाठी दोन दाबलं, तक्रारीसाठी चार दाबलं, गाणं ऐकलं. शेवटी एक मुलगा बोलला. त्याचं म्हणणं, त्याच्या स्क्रीनवर तिथे रेंज दिसत होती.

"तुमच्या स्क्रीनवर दिसते, पण माझ्या वडलांच्या फोनवर येत नाही."

"मॅम, फोन एकदा बंद करून चालू करून बघा."

"प्लॅन बंद करायचाय मला."

"मॅम, तुम्ही ऑफर घेतलीय, सहा महिन्यांच्या आधी बंद करता येणार नाही. नंबर दुसरीकडे न्यायचा तरी तीन महिने थांबावं लागेल."

हे मला सही करताना कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित कागदावर लिहिलेलं असेल. बारीक अक्षरात.

तर तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी टेकाडावर चढू लागले. चक्कर येणारा माणूस, हातात काठी, खाली दगडगोटे. मी म्हटलं रोज नका चढू. ते म्हणाले, "मग तू काळजी करशील." त्यांना कसं सांगू, की आता मला ते फोन करायला चढतात याचीच काळजी असते. फोन यायला उशीर झाला की मला ते उतारावर पडलेले दिसायचे, आणि फोन आला की त्यांची धाप ऐकू यायची. एकदा असाच उशीर झाला त्या दिवशी मी कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या जागी साखर टाइप केली. डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून बरं. ते ओरडले नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं.

जुन्या नंबरवरच्या बाईला मी दुसऱ्या फोनवरून सविस्तर मेसेज केला होता. मी कोण, नंबर कसा गेला, बँकेत नंबर बदलायला जुन्या नंबरावर ओटीपी मागतायत, तो सांगाल का. उत्तर आलं नाही. नवऱ्याच्या फोनवरून केला, तोही नंबर तिने ब्लॉक केला. पेठच्या बँकेत अण्णांनी अर्ज दिला होता, तो वर पाठवला आहे एवढंच कळायचं. त्या बाईच्या हातात अण्णांच्या खात्याचे मेसेज जात होते. चांगली असेल का? नसेल तर? चांगली असेल तर बोलत का नाही?

नातेवाइकांना मी नवा नंबर कळवला होता. सायखेड्याला अण्णांची मोठी बहीण, माझी आत्या. तिच्या मुलालाही मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला. द्राक्षांचे दिवस होते, तो बागेतच असायचा.

थंडीतलीच गोष्ट. दुपारी लॅबमध्ये गर्दी होती आणि मांडीवरचा फोन वाजला. स्क्रीनवर 'अण्णा जुना' अशी अक्षरं होती. मी तो नंबर काढून टाकला नव्हता. मी उठून जिन्यात गेले.

"ताई," तोच तरुण आवाज, "तुम्हीच का मागं फोन केलेला? ज्यांच्या वडलांचा हा नंबर होता?"

"हो. बोला."

"सायखेड्याच्या आजी तुमच्या कोण लागतात?"

"आत्या. काय झालं?"

ती भराभर बोलायला लागली. गेले काही दिवस आत्या तिला रोज फोन करत होती. हिने सांगितलं, आजी, राँग नंबर आहे. आत्याला कमी ऐकू येतं. ती आपलंच बोलायची. भाऊला म्हणा, ये. येताना थोडी नागली आण म्हणा, इथली भाकरी गोड लागत नाही. पोरी, तू जेवली का? "मला वाटलं असतील कुणी," ती म्हणाली. "मग मी हो आजी, हो आजी म्हणायला लागले. दुसरं काय करणार? त्यांना बरं वाटायचं. पण आज फोन आला तर आवाजच निघेना. म्हणाल्या, भाऊला म्हणा, आता उशीर नको करू. ताई, मला राहवेना. तुमचा नंबर ब्लॉकमधून काढला."

मी तिचे आभार मानले की नाही आठवत नाही. आत्याच्या मुलाला फोन लावला. तो बागेतच होता, मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

"आईला काल दवाखान्यातून घरी आणलं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. पण मामांना माहितीये ना! आई रोज बोलते त्यांच्या घरी. मीच म्हटलं होतं, मामा अजून कसे आले नाहीत."

"अण्णांना काहीही माहीत नाही," मी म्हटलं. "तो नंबर त्यांचा नाहीये. मी कळवलं होतं तुला."

त्याने मागच्या माणसांना गप्प केलं. मग तो म्हणाला, "मग आणा त्यांना. लवकर आणा."

अण्णांना कळवायचं कसं? ते टेकाडावर चढणार संध्याकाळी. तोवर त्यांचा फोन घरात, रेंज नसलेल्या कपाटावर. मी तरी लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पेठच्या दुकानदाराला फोन केला. "ताई, आता गावाकडं जाणारी जीप भरतीये, मी ड्रायव्हरला सांगतो. गुरुजींना घेऊनच ये म्हणतो." नवरा कामावरून गाडी घेऊन थेट लॅबखाली आला आणि आम्ही पेठच्या रस्त्याला लागलो.

तो प्रवास मला विसरता येत नाही. हातात फोन, आणि घाट चढताना रेंजच्या रेघा एकेक करून जायच्या. रेघ गेली की वाटायचं याच क्षणी सायखेड्याहून फोन आला असेल. रेघ आली की फोन वाजेल याची भीती. नवरा म्हणाला, "ठेव तो फोन खाली." मी ठेवला आणि पुन्हा उचलला. दुकानदाराकडून निरोप पोचला का, जीपचा ड्रायव्हर विसरला का, अण्णा घरात असतील की शेतावर, काही कळायला मार्ग नव्हता. आणि पोचला असेल तर कुठल्या शब्दांत पोचला? बहीण गेली असं तर कोणी सांगितलं नसेल? त्यांना तिथेच चक्कर आली तर?

पेठला हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी थांबली. जीप अजून आली नव्हती. दुकानदाराने बसायला स्टूल दिलं, मी बसले नाही. गावाकडे जावं तर वाटेत चुकामूक व्हायची, थांबावं तर वेळ जात होता. शेवटी वळणावर जीप दिसली. पुढच्या सीटवर अण्णा होते, धुतलेला पायजमा-शर्ट, डोक्यावर टोपी आणि मांडीवर पिठाचा डबा.

"काय झालं तिला?" त्यांनी उतरायच्या आधीच विचारलं. "जीपवाला म्हणाला, तिनं बोलावलंय नि येताना नागली आणा म्हणाली."

दुकानदाराने तेवढंच सांगितलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. बाकीचं मी गाडीत सांगितलं. नाशिक ओलांडताना अण्णा एकदाच म्हणाले, "म्हणजे ती रोज फोन करत होती."

सायखेड्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या पुढच्या खोलीत पलंगावर होती. लहानशी झाली होती. अण्णा तिच्या उशाशी बसले आणि कानाजवळ वाकून म्हणाले, "आक्का, मी आलोय."

तिने डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आलास का? किती निरोप दिले रं."

"मिळाले," अण्णा म्हणाले. "नागली आणलीये."

"तुझ्या घरातली पोरगी लय गोड बोलते. रोज विचारती, आजी, जेवल्या का." तिला धाप लागली. "तिला नीट ठेव."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आत्याच्या सुनेनेही बघितलं. आमच्या घरात कोणी पोरगी नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

"हो," अण्णा म्हणाले. "ठेवतो."

आत्याच्या सुनेने त्या पिठाची भाकरी केली. आत्याने दुधात कुस्करून दोन घास घेतले, मग नको म्हणाली. अण्णा तिथेच राहिले. मी लॅबमधून रोज फोन करायचे, आणि तिथे रेंज असल्यामुळे तो पहिल्या रिंगला लागायचा. त्याच आठवड्यात एका पहाटे आत्या गेली. अण्णा तिच्याजवळ होते.

आत्याचे दिवस झाल्यावर मी त्या मुलीला फोन केला. आत्या गेल्याचं सांगितलं. ती रडली. मी म्हटलं, आम्हाला तुम्हाला भेटायचंय. ती घुटमळली, मग म्हणाली, "सिन्नरच्या स्टँडवर या. आत यायचं नाही, रसवंतीपाशी थांबा. तुम्ही आणि तुमचे वडीलच. दुसरं कुणी नको."

ठरलेल्या दिवशी अण्णा आणि मी एसटीने गेलो. तिने चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळला होता. आधी लांबून आम्हाला बघत होती, मग जवळ आली. वय तेवीस-चोवीस असेल. सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला होती. रस पिताना तिने स्कार्फ खाली केला आणि मग सांगितलं. नवरा मारायचा. फोन काढून घ्यायचा. ती मैत्रिणीच्या खोलीवर पळून आली आणि नवं सिम घेतलं. तो नंबर मैत्रिणीशिवाय कुणाला माहीत नव्हता.

"आणि चार दिवसात कुणीतरी रिचार्ज मारला," ती म्हणाली. "फुकट रिचार्ज कोण मारतं, ताई? मला वाटलं, यानंच शोधून काढलं. मग तुमचा फोन. मग रोज कुणी ना कुणी, गुरुजी आहेत का, गुरुजी आहेत का. मला वाटायचं मुद्दाम माणसं लावलीत. मी कामावर जायची तर मागं वळून बघायची."

मी ज्या आवाजाला इतके दिवस घाबरले होते, तो आवाज मला घाबरत होता. इतक्या वेळा मी तिला फोन लावला होता, इतक्या वेगवेगळ्या नंबरांवरून.

अण्णांनी शिक्षकासारखं विचारलं, "शिक्षण किती झालंय?"

"बारावी. पुढं नाही शिकू दिलं."

"विषय कोणते होते?"

तिने सांगितले. दोघं थोडा वेळ तिच्या शाळेबद्दल बोलले. मग तीच म्हणाली, "ताई, तुम्हाला नंबर परत पाहिजे असेल. पण वकीलबाईंना हाच दिलाय, कामावरही हाच. परत नवा घेतला तर..."

खरं सांगायचं तर मी निघताना मनात तेच घेऊन निघाले होते. अण्णांचा नंबर परत मिळाला तर सगळे प्रश्न सुटतील असं मला वाटत होतं. पण अण्णांनी मला बोलूच दिलं नाही.

"नंबर तुझाच आहे," ते म्हणाले. "माझ्यासाठी त्यावर फोन करणारं माणूस होतं, ते गेलं."

पुढच्या आठवड्यात अण्णा पेठच्या बँकेत गेले. त्यांनी काउंटरवरून मला फोन केला, मी तिला केला. तिने ओटीपी वाचून दाखवला, मी तो अण्णांना सांगितला. दोनदा वेळ संपली, तिसऱ्यांदा जमलं. तिचा जेवणाचा डबा उघडाच राहिला म्हणाली. अजूनही एखादा जुना विद्यार्थी तिला फोन करतो. ती आता घाबरत नाही, "गुरुजींचा नवा नंबर घ्या," म्हणून सांगते. तिच्या कोर्टाच्या तारखा चालू आहेत. तारखेच्या आदल्या दिवशी ती मला फोन करते, आणि तारीख होऊन तिचा दुसरा फोन येईपर्यंत मी तिच्यासाठीही तशीच बसते, फोन मांडीवर ठेवून.

गावचा टॉवर मध्ये एकदा चालू झाला, पुन्हा बंद पडला. फॅमिली प्लॅनची मुदत संपली तरी अण्णा तो सोडू देत नाहीत, कारण निदान टेकाडावर तरी लागतो. टेकाडाच्या वाटेला गावातल्या लोकांनी दोन-तीन ठिकाणी दगड रचून पायऱ्यांसारखं केलंय, कारण आता गावाने हेच सिम घेतलंय आणि सगळेच तिथे चढतात.

काल संध्याकाळी बोलता बोलता अण्णा म्हणाले, "अगं, इकडे जरा..." आणि फोन गेला. मी लगेच लावला, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. परत लावला, तेच. नवरा म्हणाला, बॅटरी संपली असेल. मीही तेच म्हणत होते, आणि खोलीत येरझाऱ्या घालत होते. दूध उतू गेलं ते त्यानेच बघितलं. मी चपला घालून गॅलरीत उभी राहिले, जणू इथून पेठ दिसतं. मग फोन वाजला.

"इकडे जरा ढग आलेत, म्हणत होतो," अण्णा म्हणाले. "वारा सुटला नि फोन हातातून पडला. आता उतरतो. अंधार पडायच्या आत."

"सावकाश उतरा," मी म्हटलं. "घरी पोचल्यावर..."

पोचल्यावर फोन करा, असं म्हणणार होते. पण घरी रेंज नसते.